मालक बदलणार म्हणे!

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या कॅन्टीनमध्ये एरवी दोनच विषय चालतात. कुणी कुणाचं जर्नल छापलं हा एक, आणि क्रिकेट हा दुसरा. २०२५ च्या दिवाळीनंतर त्यात तिसरा घुसला. आरसीबी कोण विकत घेणार? मेकॅनिकलवाल्यांनी एक उद्योगपती पक्का केला, कॉम्प्युटरवाल्यांनी दुसरा, आणि सिव्हिलवाले (नेहमीप्रमाणे उशिरा येऊन) म्हणाले, "टीम कुणीही घ्या रे, पण मॅच कुठल्या ग्राउंडवर होणार ते सांगा!" सगळे हसले. पण मित्रांनो, माझ्या मते त्या टेबलावर विचारला गेलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न होता.

आधी झालं काय ते थोडक्यात. ३ जून २०२५ ला आरसीबीने अठरा वर्षांनी पहिल्यांदा कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. आठवड्याभरात टीम विकणार अशी बातमी आली आणि कंपनीने ती नाकारली. मग ५ नोव्हेंबरला त्याच कंपनीने, म्हणजे डियाजियोच्या युनायटेड स्पिरिट्सने, शेअर बाजाराला कळवलं की या टीममधल्या गुंतवणुकीचा आम्ही फेरविचार करतोय आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत तो पूर्ण करायचा इरादा आहे. साध्या मराठीत, दुकान विकायला काढलंय.

त्याच महिन्याच्या शेवटी हर्ष गोएंका यांनी जाहीरपणे लिहिलं की एक नाही, दोन टीम विक्रीला आहेत, आरसीबी आणि राजस्थान रॉयल्स, आणि घेणारा पुण्याचा असेल, अहमदाबादचा, मुंबईचा, बंगळूरचा की अमेरिकेचा? झालं! 'पुणे' हा शब्द वाचला आणि आपल्याकडची मंडळी उसळली. सीरम इन्स्टिट्यूटच्या अदर पूनावाला यांनी ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवलं होतं की योग्य किमतीला मिळाली तर आरसीबी चांगली टीम आहे. चिन्नास्वामीवर मॅच होणार की नाही हेही तेव्हा अधांतरी होतं. त्यामुळे दोन आणि दोन चार करायला कुणी थांबलं नाही. आरसीबी गहुंज्याला येणार! नाही नाही, नवी मुंबईला येणार! मालक पुण्याचा, मैदान नेरूळचं, म्हणजे टीम आपलीच झाली की!

विक्री शेवटी कुणाला आणि कितीला, हा या लेखाचा विषयच नाही. मला बोलायचंय ते आपल्या या अंदाज बांधण्याबद्दल. मालक बदलणार म्हटलं की आपण लगेच विचारतो, नवा मालक कोण, त्याच्याकडे पैसा किती, तो कुठला प्लेअर आणणार. टीम कुठे खेळणार, नाव तेच राहणार का, आणि ती किती वर्षं राहणार, हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात राहून आपण हे विचारू नये याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. कारण या बाबतीत आपण एकदा नाही, तीनदा हात पोळून घेतलेत.

मी राहतो गव्हाणला. पनवेल तालुक्यात, उलव्याला लागून. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि नेरूळ एकदम जवळ आलं. त्याआधी डी. वाय. पाटील स्टेडियम म्हणजे आम्हाला खाडीपलीकडे रात्री दिसणारा उजेड. हे मैदान २००८ साली सुरू झालं आणि पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली, १ जून २००८ ला. पण या मैदानाचं एक वैशिष्ट्य आहे. तिथे मोठमोठ्या टीम येऊन 'घरच्या' मॅच खेळल्या, आणि घर मात्र कुणाचंच झालं नाही. २०१० मध्ये हैदराबादची डेक्कन चार्जर्स इथे घरची म्हणून खेळली, कारण तिकडे तेलंगणाचं आंदोलन पेटलं होतं. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स इथे घरची म्हणून खेळली, कारण गहुंज्याचं स्टेडियम तयार नव्हतं. २०१४ पासून मुंबई सिटी हा फुटबॉल क्लब इथे खेळला आणि मग अंधेरीला गेला. भाडेकरू आले, अकरा महिने राहिले, गेले. आमच्या उलव्याच्या सेक्टरमधल्या बिल्डिंगांसारखंच!

आता पुणे वॉरियर्सचीच गोष्ट घ्या. मार्च २०१० मध्ये सहाराने ही टीम ३७ कोटी डॉलरला घेतली, म्हणजे तेव्हाचे सुमारे १७०२ कोटी रुपये. तोपर्यंतची ती सर्वांत मोठी बोली होती. तुलनेसाठी, २००८ साली विजय मल्ल्यांनी आरसीबी घेतली होती ११.१६ कोटी डॉलरला. म्हणजे पुण्याला तिप्पट श्रीमंत मालक मिळाला म्हणायचा! 'पैसेवाला मालक म्हणजे टीम सुरक्षित' हे गणित बरोबर असतं, तर पुणे वॉरियर्स आज कपावर कप जिंकत असायला हवी होती. झालं काय? २०११ मध्ये ४ मॅच जिंकल्या, २०१२ मध्ये ४, आणि २०१३ मध्ये पुन्हा ४. सातत्य म्हणतात ते हेच! पण हरण्याचं एवढं दुःख नाही, हरणाऱ्या टीमवरही लोक जीव लावतात. भांडण दुसरंच होतं. जेवढ्या मॅचेस धरून बोली लावली तेवढ्या मिळाल्या नाहीत, तेव्हा फी कमी करा असं सहाराचं म्हणणं. बोर्ड ऐकेना. फेब्रुवारी २०१२ मध्ये, ऐन लिलावाच्या दिवशी, सहाराने सगळं सोडतो म्हणून जाहीर केलं, मग समेट झाला. २१ मे २०१३ ला, बोर्डाने बँक गॅरंटी वटवल्यावर, ते खरंच बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करार रद्द केला.

या सगळ्यात प्रेक्षक कुठे होता? गहुंज्याच्या स्टँडमध्ये, तिकीट काढून. त्याला कळवलं कुणी? पेपरवाल्याने.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हैदराबादलाही २०१२ मध्ये हेच झालं होतं. डेक्कन चार्जर्सचा करार सप्टेंबरमध्ये रद्द झाला, पण ऑक्टोबरमध्ये सन टीव्हीने त्या शहराची टीम घेतली आणि सनरायझर्स उभी राहिली. नाव बदललं, रंग बदलला, मालक बदलला, शहर राहिलं. पुण्याचं शहरच गेलं. म्हणून म्हणतो, मालक बदलणं ही वाईट गोष्ट नाही. मालक जातो आणि त्याच्याबरोबर टीमही जाते, ते वाईट.

दुसरा अंक २०१५ चा. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या, त्यांच्या जागी दोन टीम हव्या होत्या. लिलाव उलटा होता, बोर्डाकडून जो कमीत कमी पैसे मागेल त्याला टीम. संजीव गोएंका यांच्या कंपनीने मागणं सोडाच, वर्षाला १६ कोटी आम्हीच देतो असं सांगितलं आणि पुणे घेतलं. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. पहिल्या वर्षी धोनी कॅप्टन, आणि दुष्काळामुळे हायकोर्टाने मेमधल्या मॅच महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितल्यावर पुण्याची टीम घरच्या मॅच खेळायला गेली विशाखापट्टणमला! (पाण्याचा निर्णय योग्यच होता, त्याबद्दल तक्रार नाही.) दुसऱ्या वर्षी धोनीची कॅप्टनशिप गेली, स्मिथ आला, बेन स्टोक्स साडेचौदा कोटींना आला, नावातला शेवटचा 'एस'ही गेला, आणि टीम थेट फायनलला पोचली. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई ८ बाद १२९, पुणे ६ बाद १२८. एका रनने! तारीख पुन्हा बघा. बरोबर चार वर्षांपूर्वी याच दिवशी सहारा बाहेर पडलं होतं.

आणि ती त्या टीमची शेवटची मॅच. तुम्ही म्हणाल, करार दोन वर्षांचाच होता, सगळ्यांना माहीत होतं. होतं ना. तरीही त्या सीझनभर 'पुढच्या वर्षी दहा टीम करतील, पुणे राहील' असं छातीठोक सांगणारे महाभाग गावोगावी होते. हेच ते अंदाज बांधणं. कागदावर स्पष्ट लिहिलेलं वाचायचं नाही आणि न लिहिलेलं गृहीत धरायचं. पुढे टीम वाढल्या खऱ्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्याच गोएंकांनी ७०९० कोटी मोजून टीम घेतली, लखनौची. नाव ठेवलं सुपर जायंट्स! नाव घेऊन गेले, गाव इथेच ठेवून गेले. त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. धंदा आहे. पण मग प्रेक्षकानेही तो धंदा आहे हे ओळखून प्रश्न विचारावेत.

मधल्या काळात गहुंज्याचं काय झालं माहितीये? २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या मॅच तिथे आल्या आणि चेन्नईहून पिवळे शर्ट घालून माणसं रेल्वे भरून आली. पुण्याच्या मैदानात पुण्याची टीम नाही आणि स्टेडियम मात्र पिवळंधमक. त्यांचा हेवा वाटावा असंच ते दृश्य होतं. दोन वर्षं टीम निलंबित असूनही त्यांची राहिली. का? कारण शहर, नाव आणि रंग तिघंही जागेवर होते.

तिसरा चटका फुटबॉलचा, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी मोजत नाही. एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीला खेळत होती. वाधवान ग्रुप मालक, हृतिक रोशन भागीदार, म्हणजे पोस्टरवर काही कमी नव्हती. २०१७-१८ मध्ये सेमीफायनलला गेली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या जागी हैदराबाद एफसी आली. तीच हैदराबाद २०२२ च्या मार्चमध्ये चॅम्पियन झाली! आणि २०२५ मध्ये ती जागा पुढे दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. बदलीच्या नोकरीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यासारखी टीम फिरतेय. तिच्या प्रत्येक शहरात कुणीतरी शाळकरी पोराने तो टी-शर्ट विकत घेतला असेल.

आता दुसरी बाजू. नुसती रड लावायची नाही, मालक बदलून भलं झालेलं उदाहरणही घरचंच आहे. मुंबई सिटीचे ६५ टक्के शेअर्स नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी. त्यानंतर २०२०-२१ मध्ये लीगही जिंकली, कपही जिंकला, २०२२-२३ मध्ये पुन्हा लीग, २०२३-२४ मध्ये पुन्हा कप. मैदान मुंबईतच राहिलं, नाव राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये, लीगचंच भवितव्य धूसर झाल्यावर, ते ग्रुपवाले बाहेर पडले आणि क्लब पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आला. येताना वाजतगाजत आणि जाताना एका पत्रकावर. पण क्लब उरला. आरसीबीचंही तसंच. मल्ल्या गेले, डियाजियो आली, आणि बहुतेक फॅन्सना तो बदल जाणवलाही नाही, कारण मैदान तेच, नाव तेच आणि कोहली तोच.

तिकडे अमेरिकेत बेसबॉलमध्ये हा मालकीचा खेळ आपल्यापेक्षा फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची डॉजर्स १९५७ च्या सीझननंतर मालकाने उचलून लॉस एंजेलिसला नेली. अलीकडचं उदाहरण ओकलंडच्या अॅथलेटिक्सचं. मालक जॉन फिशर टीम लास वेगासला न्यायला निघाले. टीम हरत होती, स्टँड रिकामे होते, आणि 'बघा, इथे कुणी येतच नाही' हे कारण आयतंच मिळत होतं. मग १३ जून २०२३ ला तिथल्या लोकांनी उलटा बहिष्कार टाकला. म्हणजे काय, तर सगळ्यांनी यायचं! २७,७५९ माणसं जमली, हिरवे टी-शर्ट घालून, आणि त्यावर एकच शब्द, 'सेल'. विकून टाक! आम्ही आहोत, तूच जा. मला हे भयंकर आवडलं. त्यांना नवा मालक कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जो इथे ठेवील त्याला द्या. टीम शेवटी गेलीच, २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली. हरले बिचारे. पण मागणी योग्य जागी होती.

याच अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्स ही फुटबॉल टीम (त्यांचं ते हातानं खेळायचं फुटबॉल!) १९२३ पासून लोकांच्या मालकीची आहे. पाच लाखांहून जास्त भागधारक, डिव्हिडंड शून्य, आणि टीम हलवायचा प्रश्नच नाही. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांचं हवं, पैसा कुणाचाही असो. आपल्याकडे आयपीएलमध्ये हे उद्या होईल असं मी म्हणत नाही. हजारो कोटींचे आकडे आहेत, आणि आपल्याला हॉस्टेलची मेस कमिटी धड चालवता येत नाही. पण टीम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बोर्डाची परवानगी लागतेच ना? मग त्या परवानगीत अमुक वर्षं याच शहरात, याच नावाने खेळायचं, आणि मालकाला जमेनासं झालं तर शहराची टीम तशीच ठेवून दुसरा मालक शोधायचा, एवढं लिहून घ्यायला काय हरकत आहे? हैदराबादला जमलं ते पुण्याला का नाही?

मालकी बदलणं म्हणजे काय, हे खरं तर आमच्या भागात कुणाला शिकवायला नको. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींचा मालक बदलला. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना आली. क्रिकेटची आणि त्याची तुलना करण्याइतका मी वेडा नाही. सांगायचंय ते एवढंच, की त्या लोकांनी 'नवा मालक कोण' याचे अंदाज बांधत वेळ घालवला नाही. आमचं काय राहणार, हे विचारलं. पुढे विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २४ जून २०२१ ला सिडको भवनावर हजारो माणसं गेली. विमानतळ त्यांच्या मालकीचा नव्हता, पण त्यावर त्यांचा हक्क होता. पुण्याची टीम दोनदा गेली तेव्हा एक मोर्चा सोडा, साधं निवेदन घेऊन कुणी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं, उद्या कुठलीही टीम नेरूळला किंवा गहुंज्याला 'घरची' म्हणून आली, तर जरूर जा. मीही जाईन, स्लो लोकल पकडून. २ नोव्हेंबर २०२५ ला याच मैदानात आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कुणी मालकाचं नाव विचारलं होतं का? खेळ बघायला मालक लागत नाही. पण 'आपली टीम' म्हणून सातशे-आठशेचा टी-शर्ट घ्यायच्या आधी करार किती वर्षांचा ते विचारा. मोबाईल घेताना वॉरंटी विचारतोच ना आपण?

जाता जाता आमच्या गावाकडचं. भात कापून झालं की शेतात पीच पडते आणि टेनिस बॉलच्या मॅच सुरू होतात. इथे टीम म्हणजे गाव. स्पॉन्सर दरवर्षी बदलतो. कधी बिल्डर, कधी रेती-खडीवाला, निवडणुकीच्या वर्षी तर विचारूच नका. टी-शर्टवर पाठीमागे कुणाचाही फोटो असो, पुढे गावाचं नाव असतं आणि आत तीच अकरा पोरं. पण अलीकडे आमच्याकडेही प्रीमियर लीग आली, संघमालक आले, लिलाव आला. एकाच आळीतली दोन भावंडं दोन टीममध्ये, आणि टीमची नावं वॉरियर्स, टायगर्स, किंग्ज. माइकवरून कॉमेंट्री जोरात चालू असते, आणि मांडवात बसलेली म्हातारी माणसं प्रत्येक मॅचला एकमेकांना विचारत असतात, "या दोघांत आपला गाव कंचा?"